फुकटच्या तिकिटाचे चारशे पाउंड

नॉर्विचच्या मॉइराला नवऱ्याचा संशय आला. साठवलेल्या पॉइंटांवर विमानानं टोरांटोला भावाकडे फुकट जातोय, असं लायनेल म्हणाला होता. कार्डावरून मात्र चारशे पाउंड गेले होते.

"फुकटच्या तिकिटाला चारशे? आणखी कुणाचं काढलंस?"

"अगं, इंधनाचा अधिभार आहे तो."

"सगळं इंधन तू एकटाच जाळणार आहेस का?"

तिनं त्याला विमान कंपनीला फोन लावायला लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडची बाई म्हणाली, "तिकीट एकच आहे, सर. पॉइंटांत फक्त भाडं येतं. कर, अधिभार वेगळे."

फोन बंद झाल्यावर मॉइरा जराशी ओशाळली. "मला वाटलं, तू लबाड आहेस. लबाड तर हे विमानवाले निघाले."

"मग जाऊ ना?"

"जा. पण पुन्हा फुकट म्हणू नकोस."