खोबरेल लावून लाटेवर

थंडी बाधू नये म्हणून अंगाला खोबरेल चोळायचं, हे मला कोणी शिकवायला नको. बॉस्टनजवळच्या नॅन्टकेट बेटावर सर्फिंगला निघताना मी तळहातापासून तळपायापर्यंत तेल चोपडलं आणि वर रबराचा वेटसूट चढवला. बाकीची पोरं त्यात शिरताना कुथत होती, मी सर्रकन आत. म्हटलं बघा, पन्नाशीची बाई आहे.

खरं तर माझ्या लेकीला, निधीला, मी तिथे नकोच होते. ती बॉस्टनला शिकते. मित्रांबरोबर तिची ट्रिप ठरली आणि मी मॉरिसव्हिलच्या घरून आगाऊपणे येऊन टपकले. तिने माझी कोणाशी धड ओळखही करून दिली नाही, बीचवर मुद्दाम पुढे पुढे चालत राहिली. मला ते डाचत होतं. एकदा, फक्त एकदा त्या सर्फिंगच्या फळीवर उभं राहायचं, म्हणजे पोरीला माझी लाज वाटणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

पाणी इतकं गार की दातखीळ बसावी. निधीचा मित्र कबीर धीर देत होता. काकू, इथे खाली खडक नाही, वाळूच आहे, पडलात तरी लागणार नाही. पडण्यात मी काही कसर ठेवली नाही. लाट आली की तो बोर्ड ढकलायचा, मी हात टेकून उठायला जायचे आणि धप्प. बिचारा लाटेला दोष देत होता, वाळू सरकते म्हणून ती दर वेळी नव्या जागी फुटते म्हणे. मी म्हटलं, लाटेच्या नानाची टांग.

शेवटी निधी आली. तिने बोर्डवरून हात फिरवला, बोटं हुंगली आणि मला विचारलं, हे खोबरेल आहे का. मी म्हटलं, थंडी बाधते गं. ती हसत सुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने मला किनाऱ्यावर बसवलं आणि ओल्या वाळूने माझे तळवे, पावलं खसाखसा घासली. बोर्डही घासला, पाय घसरू नये म्हणून त्यावर नवं मेण लावलं. कबीरला बाजूला करून पुढच्या लाटेवर तिनेच मला ढकललं.

उभी राहिले. हात पसरून, वाकडीतिकडी, पण राहिले. मग फळी एकीकडे, मी एकीकडे.

वर आले तेव्हा निधी किनाऱ्यावरच्या अनोळखी लोकांना हात करकरून सांगत होती, "दॅट्स माय आई!"

नाकातोंडात खारं पाणी गेलं होतं, कान मात्र शाबूत होते.