हिचं संशोधन लाल झालं

मंगळवारी संध्याकाळी सूनबाई कामावरून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आमची ही स्टुलावर बसून मटार सोलत होती.

"आई, तुमचं संशोधन लाल झालं," सूनबाई म्हणाली.

"म्हणजे पास की नापास?"

"थांबलं. म्हणजे, थांबल्यासारखं दिसतंय."

"दिसतंय काय? बघणारी तूच ना?"

मला तर सुरुवातीपासूनच काही कळलं नव्हतं.

हिला फुप्फुसांचा आजार आहे. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात आणि एकदा गेलेला दम परत येत नाही. आधी गोळ्या होत्या. त्या आजाराला थोपवायच्या, पण पोटात अन्न टिकू द्यायच्या नाहीत. हिचे ब्लाउज खुंटीवर टांगल्यासारखे अंगावर लोंबायला लागले होते. मग मोठ्या इस्पितळात एका नव्या औषधावर संशोधन निघालं, सरकारच्या पैशातून, आणि त्यात हिचा नंबर लागला. दर महिन्याला दंडात एक इंजेक्शन. हिच्या अंगावर मांस आलं. जिना चढता चढता मला टोमणे मारण्याइतका दम आला. अट एकच होती. गोळी आणि इंजेक्शन एकत्र चालत नाही. इंजेक्शन चुकलं तर लगेच गोळी सुरू करायची, आणि एकदा गोळी घेतली की संशोधनातून नाव कायमचं बाद.

पुढचं इंजेक्शन शुक्रवारी होतं.

सूनबाईचं काम नेमकं याच गोष्टीचं. एका लहानशा संस्थेत ती आणि आणखी तिघंजण दिवसभर सरकारी पानं उघडून बसतात. आजाराच्या कुठल्या संशोधनाला सरकारनं पैसे दिले, कुणाचे कापले, कुणाचे अडवले, हे कालचं आणि आजचं ताडून बघतात आणि एका यादीत रंग भरतात. चालू असेल ते हिरवं, बंद ते लाल, कळत नाही ते पिवळं. यादी कुणालाही बघता येते. सध्या तिथे इतकं पिवळं झालंय की कावीळ झाल्यासारखं वाटतं, असं तीच सांगायची.

बुधवारी ती म्हणाली, "सरकारी पानावर तुमच्या संशोधनापुढे शून्य लिहिलंय. पण संपण्याची तारीख दोन वर्षं पुढची आहे."

"मग चालू आहे," मी म्हणालो.

"पैसे शून्य आहेत, बाबा."

"मग बंद आहे."

"पण बंद केलेल्यांचं वेगळं पान असतं. त्यात ते नाही."

मी जन्मभर फरश्या बसवल्या. फरशी एकतर बसते नाहीतर डुगडुगते, आणि डुगडुगली तर पायाला कळतं. इथे कशावर पाय ठेवायचा तेच कळेना.

गुरुवारी आणखी गोंधळ झाला. अडवलेले काही पैसे सरकारनं परत सोडले अशी बातमी आली. कुणाचे, ते लिहिलं नव्हतं. इस्पितळाला फोन लावला तर आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज आमचे आभार मानत राहिला. ही जेवायला बसली आणि नुसती भाताशी खेळत राहिली.

"अहो, तुम्ही सांगा. उद्या जायचं की गोळी काढायची?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"कळत नसताना आजवर काय कमी सांगितलंत?"

सूनबाई हसली. मग तिनं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "आई, मी सांगितलं आणि चुकलं तर?" त्यावर ही तिच्या हातावर हात ठेवून बसली.

शुक्रवारी आम्ही गेलो. ती खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला आहे. दोन रेलण्याच्या खुर्च्या, खिडकीत वाळत चाललेली एक कुंडी आणि कोपऱ्यात काचेच्या दाराचा फ्रिज. एरवी सिस्टर आम्हाला बघूनच बाही वर करायला सांगायची. त्या दिवशी ती फोन हातात धरून उभीच होती.

"काकू, तुम्हालाच लावत होते. येऊ नका म्हणून सांगायला. आपलं थांबलंय."

"कोण म्हणालं?" हिने विचारलं.

"यादीत लाल आलंय."

"कसल्या यादीत?"

सिस्टरनं टेबलावरचा स्क्रीन आमच्याकडे वळवला. कोपऱ्यातलं निळं चिन्ह मी ओळखलं. आमच्या घरी चहाच्या कपावर तेच आहे. सूनबाईच्या संस्थेनं अख्ख्या गल्लीला पुरतील इतके कप वाटले होते.

"ही तर आमच्या सुनेची यादी," मी म्हणालो.

हिने सूनबाईला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"काय गं, तू आमचं लाल कशावरून केलंस?"

"आई, शून्य दिसलं म्हणून आधी पिवळं केलं होतं. मग खात्री करायला सोमवारी इस्पितळात फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, बंदच झालं म्हणायचं."

सिस्टर खुर्चीच्या हातावर टेकली. "ती मीच," ती म्हणाली. "मला वाटलं, असाच कुणाचा तरी चौकशीचा फोन. मी यादी उघडली, आधी हिरवं होतं ते पिवळं दिसलं. म्हणून म्हटलं, बंदच झालं म्हणायचं."

"म्हणजे तू सिस्टरचं ऐकून लाल केलंस," ही बोट नाचवत म्हणाली, "आणि सिस्टरनं तुझी यादी बघून सांगितलं. आणि सरकार?"

सरकार काय म्हणतंय ते विचारायला डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या घाईघाईत आल्या, सगळं ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं, आणि सरकारी कचेरीतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. त्यांनी विचारलं, शून्य म्हणजे पैसे द्यायचे नाहीत असं, की आकडा अजून भरायचा आहे असं? तो माणूस म्हणाला, दोन्ही असू शकतं, बघून सांगतो. मग त्यानं विचारलं, ती रंगांची यादी बघितली का, आमच्यापेक्षा ती ताजी असते.

डॉक्टरबाईंनी फोन ठेवला आणि कपाळ चोळलं.

"औषध आहे?" हिने विचारलं.

"आजचं आहे. तुमच्या नंबरचं फ्रिजमध्ये आहे. पुढच्या महिन्याचं आलेलं नाही. ते उशिरा येणार की येणारच नाही, सांगता येत नाही."

"थांबवा असं कुणी लिहून दिलंय?"

"नाही. चालू ठेवा असंही कुणी दिलेलं नाही." त्या हिच्यासमोर बसल्या. "नीट ऐका. आज दिलं आणि पुढचं आलं नाही, तर महिन्यानं गोळीवर जावं लागेल. आज नाही दिलं तर आजपासूनच गोळी, आणि उद्या पैसे आले तरी तुम्ही बाहेर."

"म्हणजे दोन्हीकडून गोळीच."

"एकीकडून कदाचित."

हिने माझ्याकडे पाहिलं. घरात एवढी वर्षं मोठ्या गोष्टी मी ठरवल्या असं मी समजत आलो. त्या खोलीत मला मान हलवायची होती, पण ती होकारार्थी की नकारार्थी, तेच ठरेना. मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मला ओकाऱ्या नकोत," ही म्हणाली आणि बाही वर केली.

सिस्टरनं फ्रिज उघडला. कुपी हातात धरून कोमट केली. सुई टोचली आणि कापूस दाबून धरला.

"पुढच्या महिन्यात येताना फोन करून या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

डॉक्टरबाईंनी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनं स्क्रीनकडे.

रस्त्यावर आलो तोच सूनबाईचा फोन.

"आई, तुम्हाला इंजेक्शन मिळालं म्हणजे चालू आहे. हिरवं करू?"

"माझ्या दंडावरून सरकारचं कळतं होय गं?"

"मग काय लिहू?"

"तुझं तू बघ. फक्त सिस्टरला विचारू नकोस."

फोन पर्समध्ये टाकून ती चालायला लागली. बसस्टॉप डाव्या हाताला होता, ही उजवीकडे निघाली.

"पुढच्या स्टॉपपर्यंत चालू," ती म्हणाली. "आज जमतंय तर."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"तेव्हा विचारा." थोडं पुढे गेल्यावर ती दम घ्यायला एका दुकानाच्या पायरीशी थांबली. मीही थांबलो. आम्ही दोघं येणाऱ्या जाणाऱ्यांकडे बघत राहिलो. मग तिनं हात पुढे केला, मी धरला आणि आम्ही पुन्हा निघालो.