उंबऱ्यापुरतं भोक

कादंबरीची अकरा प्रकरणं हातावेगळी झाली होती आणि बारावं एका भोकापाशी अडून बसलं होतं. मठाच्या मनोऱ्यातला म्हातारा घंटावाला भिंतीतल्या भोकाला डोळा लावतो आणि खाली दिवा चोरून नेणाऱ्या बाईचा चेहरा ओळखतो. सगळी कथा त्या चेहऱ्यावर उभी होती. लेखिकाबाईंनी ते भोक खऱ्याखुऱ्या मठात, सहाव्या वर्षी पाहिलेलं. थोरली बहीण मात्र म्हणे, तिथून कुणाचं तोंडबिंड दिसत नाही.

"सत्तर वर्षांपूर्वीचं तुला काय आठवणार, ताई?"

"तुझ्यापेक्षा चार वर्षं जास्तच आठवतंय."

शेवटी दोघी मठात गेल्या. किल्ल्या सांभाळणाऱ्या गृहस्थांनी मनोरा उघडला.

"मी खालीच थांबते," ताई म्हणाली. "मला कुठे कादंबरी लिहायचीय?"

किल्लीवाल्यांच्या मागोमाग सव्वीस पायऱ्या चढून लेखिकाबाई धापा टाकत वर पोचल्या. भोक होतं. कमरेएवढ्या उंचीवर, हात लागून लागून कडा गुळगुळीत झालेलं. त्या वाकल्या. दाराच्या कमानीखालचा उंबरा दिसला, बस्स.

"ताई, देवापुढच्या दिव्यापाशी जा."

"गेले."

"दिसत नाहीस. उंबऱ्यावर ये."

दोन वहाणा आल्या. घोट्याच्या वर काही नाही.

"पण मी चेहरा पाहिला होता गं."

"माझाच. जमिनीवर आडवी पडून तुला वेडावलं होतं मी. आईने धपाटाही घातला होता."

लेखिकाबाई तिथल्या दगडावर मटकन बसल्या. अकरा प्रकरणं पाण्यात गेली.

"चेहरा दिसू नये म्हणूनच तिरकं पाडलंय, बाई," किल्लीवाले म्हणाले. "कोण आलं, कोण नाही, याच्याशी घंटावाल्याला काय करायचंय? शेवटचं पाऊल आत पडलं की दोर ओढायचा. माझे आजोबा ओढायचे."

"म्हणजे त्यांना कुणीच ओळखू येत नसे?"

"छे, हो. आज कोण कोण आलं नाही, ते घरी येऊन आजीला नावानिशी सांगायचे."

लेखिकाबाई दगडावरून उठल्या. पुन्हा भोकाशी वाकल्या.

"ताई, जरा चालून दाखव."

उजवं पाऊल सरळ पडलं. डावं टाच टेकून क्षणभर थांबलं आणि बाहेरच्या अंगाला वळलं. हुबेहूब आईचं चालणं. उभा जन्म ही बाई शेजारून चालत होती आणि हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

"परत एकदा."

"गुडघे माझे आहेत, तुझ्या कादंबरीचे नाहीत."

"एकदाच. हातात चोरलेला दिवा आहे असं समजून चाल."

खाली एक वहाण पायातून निघाली, पुन्हा चढली. मग भोकातून ताईचा आवाज वर आला, दबका, एकदम कामाला लागल्यासारखा.

"ही तुझी चोरटी वहाणा घालून जाते, की हातात घेऊन?"