मोठ्यानं

पारूने गोजराबाईंच्या हातातला नारळ घेतला आणि बांधावरच्या दगडाशी तसाच ठेवून दिला. फोडला नाही. मग तिने पाटाच्या पाण्यात हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि खाचराकडे तोंड करून उभी राहिली.

बांधावर भावकीतल्या बायका ओचे खोचून, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन थांबल्या होत्या. पाऊस भुरभुरत होता. रोपांच्या मुठी शीतलने, पारूच्या सुनेने, उजाडताच बांधून ठेवल्या होत्या. चिखलणी आदल्या संध्याकाळी झाली होती. चिखल मऊ आहे तोवर रोप लागायला हवं. एकदा तो बसला की बोट शिरत नाही, आणि चिखलणी करणारा टिलरवाला तर पुढच्या गावाला निघून गेला होता.

"फोड की गं," गोजराबाई म्हणाल्या. "वाट कुनाची बघतीस?"

"फोडायचा न्हाई, जाऊबाई. प्रार्थना करनार हाय. लई येळ न्हाई लागायचा."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "प्रार्थनेला गेलं की पोतंभर तांदूळ मिळतो म्हनं. खरं का गं पारू?"

"मिळत असता तर ह्या चिखलात कशाला उतरले असते?"

बायका हसल्या. गोजराबाई हसल्या नाहीत. हैबतराव, म्हणजे त्यांचे यजमान आणि पारूचे थोरले चुलत दीर, काल दारात उभे राहून पारूला बजावून गेले होते: घरात काय करायचं ते कर, पण चारचौघांत रानात ते नाव घ्यायचं नाही. घेतलंस तर आमच्या बायका उतरणार नाहीत. पारूने त्यांना चहा दिला होता. उत्तर दिलं नव्हतं.

तिला वाटलं होतं, असं होणार नाही. सावडीचं काम होतं. माझ्या खाचरात तू, तुझ्या खाचरात मी. ती सगळ्यांच्या खाचरांत राबून आली होती. तिथे नारळ फुटले, वाघजाईचं नाव घेतलं गेलं, तेव्हा ती बाजूला उभी राहिली होती. खोबरं घेतलं नाही, पण कुणाला अडवलंही नाही. आता तिची पाळी होती.

तिने डोळे मिटले.

"प्रभू येशू," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, जेवायला हाक मारताना असतो तसा. "ही जमीन तुझी, ह्यो पाऊस तुझा. ह्या माझ्या बाया आल्यात, त्यांच्या कंबरंला बळ दे. त्यांच्या घरात कुनी आजारी आसंल, कुनाच्या जिवाला घोर आसंल, त्याच्याकडं बघ. आमच्यासाठी तू मेलास आन् उठलास, ह्ये मी इसरनार न्हाई. तुझ्या नावानं मागते. आमेन."

तिने डोळे उघडले तेव्हा गोजराबाई पाठमोऱ्या झाल्या होत्या. बांधावरून चालताना त्यांचा पाय घसरला, त्या सावरल्या आणि मागे न बघता पुढे गेल्या. मग बाकीच्या निघाल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या शेताला पाणी हैबतरावांच्या पाटातून येत होतं. सगळ्यात मागची बाई पारूजवळ थांबली, तिच्या दंडाला हात लावला, आणि तीही गेली.

पावसाचा आवाज तेवढा राहिला.

शीतलने मुठींचा ढीग बघितला, मग खाचर बघितलं.

"आत्या, मनात म्हनला असता तर काय झालं असतं?"

"काय व्हायचं?"

"बाया थांबल्या असत्या. त्याला ऐकू आलंच असतं की."

"त्याला आलं असतं," पारू म्हणाली. "ह्यांना न्हाई."

"ह्यांना कशाला पायजे?"

पारू खाचरात उतरली. पोटरीपर्यंत चिखल आला. एक मूठ उचलून तिने बंध सोडला.

"तुजा सासरा गेला, तवा दहाव्यापतूर अख्खं गाव दारात हुतं. अकराव्या दिवशी कुनी न्हाई. त्या दिवशी रेश्मा आली, उरवड्याच्या कंपनीत कामाला जाती ती. मग येतच ऱ्हायली. माज्यासमोर बसून मोठ्यानं प्रार्थना करायची. मला लई लाज वाटायची. वाटायचं, शेजारी काय म्हनतील. तिनं मनात केली असती तर मला कशी कळली असती? चोरीचा माल हाय का, पदराखाली झाकायला?"

शीतलने एक मूठ उचलली. तीही उतरली.

दोघी मागे मागे सरत लावत राहिल्या. पारू गात होती. उपासनेतलं गाणं, पण चाल भातलावणीच्या गाण्याची. लावणीत एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी झेलायची असते. इथे झेलायला कुणी नव्हतं, म्हणून ती स्वतःच दोनदा म्हणायची. पलीकडच्या खाचरातून माणसं माना वर करून बघत होती. तिने आवाज खाली आणला नाही. शीतलची कंबर धरली, तरी पारूची ओळ तुटली नाही.

दुपार कलली तेव्हा निम्म्याहून जास्त खाचर मोकळंच होतं. कडेचा चिखल बसायला लागला होता. रोप खोचताना पारूच्या अंगठ्याला जोर द्यावा लागत होता.

"आत्या," शीतल हळूच म्हणाली.

पलीकडच्या ओढ्याकाठून गोजराबाई येत होत्या. एकट्या, डोक्यावर खोळसुद्धा नव्हती. रस्ता सोडून त्या ओढ्याने आल्या होत्या. बांधावर न थांबता त्या थेट खाचरात उतरल्या, एक मूठ उचलली आणि लावायला लागल्या. त्यांचा हात भराभर चालत होता. रोपांची एक ओळ संपवून त्यांनी दुसरी धरली.

"पिंकीला काल दवाखान्यात ठेवलंय," गोजराबाई चिखलाकडे बघत म्हणाल्या. "पुन्याला. सातवाच म्हैना हाय. बाळाचं काय सांगता येत न्हाई म्हनत्यात."

पारूचा हात थांबला. गोजराबाईंच्या ह्या लेकीला तिने लहानपणी कडेवर खेळवलं होतं.

"सकाळी बोलला न्हाई ते."

"काय बोलू? तूच बोललीस. जिवाला घोर आसंल म्हनलीस." त्यांनी नाक पुसलं, गालाला चिखल लागला. "तुज्या त्याला सांग तिचं. पन मनात सांग. कुनाला कळाया नको."

"सांगते," पारू म्हणाली. "पन मनात न्हाई."

"पारे."

"व्हय, जाऊबाई."

"माजी पोर तितं पडलीय, आन् तू हट्ट करतीस?"

"हट्ट कसला? सकाळी मी मनात म्हनले असते, तर आता तुमाला कुटं ठावं असतं, कुनाकडं यायचं ते?"

गोजराबाईंनी हातातलं रोप खोचलं. ते तिरपं लागलं. उपटून त्यांनी पुन्हा लावलं.

"मी काय तुमच्यातली व्हनार न्हाई," त्या म्हणाल्या.

"जबरदस्ती न्हाई. पन व्हा म्हनीनच मी. तुमाला वाईट वाटंल म्हनून गप न्हाई बसायची."

"आन् बाळ जगंल का?"

"ते मला ठावं न्हाई. मी सौदा करत न्हाई त्याच्याशी. मागते फकस्त."

वरच्या रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला आणि वळणाशी थबकला. हैबतराव पौडहून परतत होते. गाडी चालू ठेवून, एक पाय जमिनीला टेकवून त्यांनी खाली बघितलं. दोन बायकांच्या खाचरात आता तीन बायका होत्या.

"आता नगो," गोजराबाई पुटपुटल्या. "ते गेलं की कर."

पण पारू ताठ उभी राहिली होती. चिखलाच्या हातांनीच तिने पदर डोक्यावर घेतला.

"प्रभू येशू, आमची पिंकी दवाखान्यात हाय—"

"थांब," गोजराबाई म्हणाल्या.

पारू थांबली. शीतलला वाटलं, आता ह्या बांध चढून जाणार. गोजराबाईंनी वर रस्त्याकडे बघितलं. मग कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाल्या.

"पिंकी नगो म्हनू. सासरी नाव बदललंय तिचं. दवाखान्यात तेच लावलंय."

"त्याला कळंल की, जाऊबाई."

"कळंल. पन चुकायला नगो. अशा किती पिंक्या असतील तितं." त्यांनी पाठ फिरवली नाही. वळणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "किमया म्हन. नीट सांग त्याला. किमया."

वर रस्त्यावर हैबतरावांनी गाडी बंद केली.