खांबाआडच्या मुलीला उत्तर

मित्रांनो, माझ्या नावाने आयुष्यात एकच पत्र आले आणि त्याला कित्येक वर्षे कोणी उत्तर दिले नाही. माझ्याच लाकडी पेटीत, भुशाच्या तळाशी ते पडून होते. एका शाळकरी मुलीने लिहिले होते :

"प्रिय गोळा, सरांच्या व्याख्यानाला मी मागच्या बाकावर होते. मध्ये खांब होता. तू जाताना दिसलास, परत आलेला दिसला नाहीस. नुसत्या टाळ्या ऐकल्या. माझा भाऊ म्हणतो, सर हळूच मागे सरकतात. खरं काय ते कळव. पुढच्या वेळी सरांच्या जागी मी उभी राहू का?"

मी एक जुना लोखंडी गोळा आहे. नारळापेक्षा थोडा मोठा, डोक्यावर एक जाड कडी, आणि अंगावर गंजाचे चार डाग. ओतकामाच्या कारखान्यात, वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. निवल्याबरोबर कारागिराने मला हातोडीने ठोकले आणि कान लावला. "आतून पोकळ तर नाहीस ना रे, लबाडा?" हे मी ऐकलेले पहिले शब्द. जन्मल्या जन्मल्या ज्याच्यावर संशय घेतला जातो, तो पुढे स्वतःही संशयी होतो. माझे तसेच झाले.

एका फाटकाला तोल म्हणून लटकवायचे वजन, यासाठी मला ओतले होते. ते फाटक काही उभे राहिले नाही. मग कारागिराने मला शेजाऱ्याला देऊन टाकले. ते शेजारी म्हणजे आमचे सर. विज्ञान शिकवायचे. अतिशय बुजरे. चार माणसांत बसवले तर चहाच्या कपाकडे बघत बसणारे. पण सभागृहात मुलांसमोर मला हातात घेतले की त्यांना वाचा फुटायची.

प्रयोग साधा होता. छताच्या आकड्याला लांब दोर, दोराच्या टोकाला मी. सर एका उभ्या फळीला डोके टेकून उभे राहायचे, मला उचलून नाकाच्या शेंड्याला लावायचे आणि सोडून द्यायचे. मी झोकात पलीकडे जायचो आणि तितक्याच झोकात त्यांच्या तोंडावर चाल करून यायचो. मुले किंचाळायची. मी नाकाच्या अलीकडे, अगदी बोटभर अंतरावर थांबून मागे फिरायचो. ज्या उंचीवरून सोडाल तिच्या वर मी कधीच जात नाही. उलट वाटेत हवा थोडे खाते, म्हणून जरा कमीच येतो.

सरांचा नियम एकच. मुलांकडूनही ते म्हणवून घेत : "ढकलायचं नाही, सोडायचं. डोकं फळीला, मान मागे." फळी कशाला? तर माणसाची मान फार लबाड असते, मित्रांनो. हातातली वस्तू दूर गेली की ती नकळत तिच्यामागे जाते. नाक पुढे सरकले की मग माझा इलाज नाही.

पत्र आले तेव्हा सर किती खूश झाले! लगेच उत्तर लिहायला बसले. लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. हो म्हणावे तर पोरीच्या नाकाची काळजी, नाही म्हणावे तर तिचा भाऊ जिंकला. "उद्या नीट लिहितो," म्हणून पत्र माझ्या पेटीत ठेवले. त्यांचा तो उद्या काही उजाडला नाही.

पुढे सर निवृत्त झाले. माझी रवानगी जिन्याखाली झाली. मधली काही वर्षे तर मी सभागृहाच्या दाराला अडण म्हणून काढली. येणारा-जाणारा ठेच लागली की मला शिव्या द्यायचा. ज्याला पाहून मुले श्वास रोखायची, त्याला कोणी फडक्याने पुसेना.

आणि एक दिवस सरांची लेक आली. तीही आता विज्ञान शिकवते. तिने मला उचलले, खरकागदाने घासले, कडीला तेल दिले. म्हणाली, "चल रे म्हाताऱ्या, काम निघालंय."

काम असे होते, की मुलांसाठीचे विज्ञान व्याख्यान परत सुरू व्हायचे होते. पण सभागृहात थोडीच मुले असणार होती. बाकीची घरोघरी बसून थेट प्रक्षेपण बघणार होती. मला ते काही पटले नाही. खांबाआडची एक मुलगी अजून उत्तराची वाट बघते आहे, आणि आता सगळ्यांनाच खांबाआड बसवणार?

त्यातून तो कॅमेरा. तीन पायांवर उभा, एकच डोळा, तोही न मिटणारा. ज्याची पापणी लवत नाही त्याचा भरवसा कसा धरावा? कॅमेरावाला मात्र बोलका होता.

"मॅडम, मागे ती फळी कशाला? चित्रात फार वाईट दिसते."

"ती लागते, दादा. डोकं टेकायला."

"अहो, डोकं टेकून उभ्या राहिलात तर फोटो काढायला आल्यासारख्या दिसाल. जरा मोकळ्या उभ्या राहा ना."

पहिल्या रांगेत सर बसले होते. पांढरे केस, मांडीवर हातरुमाल. ते अर्धवट उठले. "बाळ, ती फळी..."

"आजोबा, आता जमाना बदलला," कॅमेरावाला हसून म्हणाला.

सर परत बसले. आपल्याला आताचे काय कळते, असे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता आले. आणि फळी भिंतीकडे गेली. इथेच घात होणार, हे मी ओळखले होते. पण गोळ्याला तोंड कुठे असते?

मुलांच्या पाठीमागे, आमच्या समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता. घरच्या मुलांना जे दिसत होते तेच त्यावर दिसत होते, पण जरा उशिरा. सरांच्या लेकीने हात हलवला की पडद्यावरची बाई थोड्या वेळाने हात हलवायची. मुले मागे वळून वळून खुदुखुदू हसत होती. दोन-दोन बाया, दोन-दोन गोळे. त्यातला खरा मी, याची खात्री मलाच राहिली नाही.

तिने मला नाकाला लावले. सोडले. अगदी बापासारखे, न ढकलता. मी गेलो, आणि फिरून निघालो. पाहतो तर काय, ती माझ्याकडे बघतच नव्हती! ती पडद्याकडे बघत होती. तिथला गोळा अजून तिच्या हातातच होता. तो कसा सुटतो ते नीट दिसावे म्हणून तिची मान पुढे, आणखी पुढे चालली होती.

मला थांबता येत नाही, मित्रांनो. जन्मात कधी एवढे वाईट वाटले नव्हते.

"मान मागे!"

सभागृह हादरले. सर उभे होते. एवढा मोठा आवाज त्यांच्यात होता हे त्यांनाही ठाऊक नसावे. लेकीने मान झटक्यात मागे घेतली. मला फक्त तिचा चष्मा लागला. तो उडून टेबलाखाली गेला. आणि थोड्या वेळाने पडद्यावरही एक चष्मा उडाला, तेव्हा मुले दुसऱ्यांदा किंचाळली.

कॅमेरावाल्याच्या फोनवर घरच्या मुलांचे निरोप येऊ लागले. बिचारा पाचावर धारण बसल्यासारखा वाचत होता. "मॅडम, एक जण म्हणतो, हे सगळं नाटक आहे. एक म्हणतो, चष्मा दोऱ्याने ओढला. आणि एक मुलगी लिहिते... गोळा सोडल्या जागेच्या पुढे जात नाही म्हणता, मग चष्म्याला लागला कसा? म्हणजे तुमचा नियमच खोटा."

माझा नियम खोटा! सगळ्या आयुष्यात तेवढी एकच अब्रू मी जपली होती.

कॅमेरावाला हळूच म्हणाला, "पुढचा प्रयोग घ्या मॅडम. कोणाच्या लक्षात राहणार नाही."

"त्यांच्या लक्षात आलंय," सर म्हणाले. उभे असल्याचे ध्यानात येताच कावरेबावरे झाले, पण बसले नाहीत. "आणि ती मुलगी बरोबर विचारतेय. तिला उत्तर द्यायला हवं. आत्ता. उद्या नाही."

लेकीने चष्मा वाकड्या काडीसकट नाकावर चढवला आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळा घालून म्हणाली, "गोळा पुढे आला नाही. मी पुढे गेले. चूक माझी. फळी न लावता उभी राहिले आणि पडद्याच्या नादी लागले. दादा, पडदा बंद करा. आणि कॅमेरा माझ्या बाजूला आणा, समोरून नको."

"बाजूने फळी दिसेल, मॅडम."

"दिसू द्या. तीच दाखवायची आहे."

फळी आली. सरांनी स्वतः ती सरळ आहे का ते दोनदा तपासले. लेकीने डोके टेकले. सभागृहातली सगळी मुले, कोणी न सांगता, एका सुरात म्हणाली, "मान मागे!" त्यांना ते कोणी शिकवले? थोड्या वेळापूर्वीच्या त्या एका ओरडण्याने.

मी गेलो. मी आलो. नाकाच्या बोटभर अलीकडे थांबलो आणि माघारी वळलो. जिवात जीव आला.

तेवढ्यात कॅमेरावाल्याने फोन बघितला आणि कपाळाला हात लावला. "त्या मुलीचा निरोप. म्हणते, तरीही मला शंका आहे."

मला राग आला. पण सर मोठ्याने हसले. "बरोबर आहे तिचं. पडद्यावर बघून मीसुद्धा विश्वास ठेवला नसता."

व्याख्यान संपले, मुले गेली. मी दोरावर तसाच लटकत होतो. सरांनी पेटीतला भुसा उपसून पत्र काढले, पहिल्या रांगेतच कागद मांडीवर घेतला आणि लिहू लागले. या वेळी काही खोडले नाही. लिहून झाल्यावर लेकीला वाचून दाखवले :

"तू शंका घेतलीस ते योग्य केलंस. मी मागे सरकत नव्हतो, पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. घरी दाराच्या चौकटीला पाण्याने भरलेली प्लास्टिकची बाटली टांग, झाकण घट्ट लाव. डोकं मागे भिंतीला किंवा फळीला टेक. बाटली नाकाला लावून सोड, ढकलू नकोस. भावालाही उभा कर. आणि इथे आलीस तर गोळा तुझाच आहे. खांबापुढची जागा राखून ठेवतो."

"बाबा, ती आता माझ्याएवढी असेल," लेक म्हणाली. "त्या पत्त्यावर तरी असेल का?"

"मलाही संशय आहे. पण पाठवल्याशिवाय कसं कळणार?"

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, दाराला अडण करू नका, एवढे तर मी मागतोच. पण तुमच्या शंकेचीही अशीच निगा राखा. तिला जिन्याखाली ठेवू नका. बाहेर काढा, टांगा आणि सोडून बघा.

उघड्या दारातून मला रस्त्यापलीकडच्या भिंतीवरची टपालपेटी दिसते. सर रस्ता ओलांडून तिथे गेले. पाकीट तिच्या तोंडाशी धरून बराच वेळ उभे राहिले. मान मागे होती. मग त्यांनी ते ढकलले नाही. नुसते सोडले.