थॉमस प्रॅटची बायको

मधुवंतीनं तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा तो ओट्यावरच गार झाला. शुक्रवारची दुपार होती. परवा, रविवारी, सिंगापुरात बुकित तिमाहच्या कॉन्डोत राहणारे हॉलिस प्रॅट ऐंशी वर्षांचे होणार होते, आणि तिनं बनवलेली त्यांची वंशावळ फ्रेममध्ये बसून बॉस्टनहून येणाऱ्या नातीच्या हातात पडणार होती. त्या वंशावळीत घोडचूक होती, आणि ती कालपासून फक्त मधुवंतीला ठाऊक होती.

बँकेत पंधरा वर्षं लोकांचे कागद तपासून जीव विटल्यावर तिनं हा उद्योग धरला होता. सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये बसायचं, जुन्या नोंदी उकरायच्या, लोकांचे पूर्वज शोधून द्यायचे. हॉलिस निवृत्त शिक्षक. सोळाशे पस्तीस साली जहाजातून मॅसॅच्युसेट्सला उतरलेला जोनाथन व्हीलॉक आपला मूळ पुरुष, असं ते लहानपणापासून ऐकत आले होते. पुरावा मात्र घरात कुणापाशी नव्हता. मधुवंतीनं आठ महिने खपून तो जुळवला. जोनाथनची लेक पेशन्स, तिचा नवरा थॉमस प्रॅट, त्यांचा मुलगा जॉन, आणि तिथून थेट हॉलिस.

एकच खडा लागत होता. लग्नाच्या नोंदीत थॉमसची बायको पेशन्स होती आणि पाच वर्षांनी जॉनच्या जन्माच्या नोंदीत आई म्हणून अ‍ॅबिगेल. मधुवंतीनं क्षणभरही न थांबता शेरा मारला होता, 'लग्नानंतर नाव बदलले.' बदलतातच की! तिचं नव्हतं का बदललं? माहेरची ती जाई. सासरी एक जाई आधीच होती, म्हणून अभयनं लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'मधुवंती' लिहिलं आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. पुढे जाई म्हणायला एकटी आई उरली, तीही चार वर्षांपूर्वी गेली.

काल तिच्या लेकीनं, इशितानं, तो तक्ता पाहून नाक मुरडलं होतं.

"आई, फर्स्ट नेम कोण चेंज करतं? दे डोन्ट डू दॅट, लाह. ओन्ली यू ऑल."

मधुवंतीला ते भलतंच झोंबलं. पोरीला गप्प करायचं म्हणून तिनं शेजारच्या गावच्या दफनाच्या नोंदी उघडल्या. आधी त्यांची गरजच वाटली नव्हती. तासाभरात ओळ सापडली. 'पेशन्स, थॉमस प्रॅटची बायको, बाळंतपणात, बाळासह.' जॉनच्या जन्माच्या दोन वर्षं आधी. म्हणजे अ‍ॅबिगेल ही थॉमसची दुसरी बायको, हॉलिस तिच्या वंशातले, आणि व्हीलॉकशी त्यांचं काडीचंही नातं नव्हतं. एका शेऱ्यात तिनं एकीचं मरण पुसलं होतं आणि दुसरीचं अख्खं जगणं. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

शेवटी आज तिनं अभयला ऑफिसात फोन लावला.

"रविवार होऊन जाऊ दे ना," तो म्हणाला. "म्हातारा खूश आहे. सावकाश सांग."

सल्ला शहाणपणाचा होता, म्हणूनच तिचं डोकं फिरलं. उरलेला चहा ओतून देऊन ती निघाली. एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसायला जागा असून ती दाराशीच उभी राहिली आणि विचारांच्या नादात उतरायच्या स्टेशनच्या एक स्टेशन पुढे गेली. परत मागे येईपर्यंत सगळी वाक्यं विसरली होती.

हॉलिसनी फ्रेम भिंतीवर टांगलीसुद्धा होती. मधुवंतीनं चपला दारात काढल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"कोण तपासायला येणार आहे?" ते म्हणाले. "नात विमानात आहे. आत्ताच का सांगितलंत?"

"नंतर मला धीर झाला नसता."

"आणि ही अ‍ॅबिगेल कोण?"

"नुसतं नाव आहे. बाप माहीत नाही, आडनाव नाही."

"पण नाव बदललं, हे कुठून काढलंत तुम्ही?"

मग तिला तांदळाचं ताटही सांगावं लागलं. हॉलिस ऐकत होते, पण नजर फ्रेमवरून हलत नव्हती.

"तुमचं आधीचं काय होतं?"

"जाई."

त्यांनी फ्रेम उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून खाली ठेवली. आठ महिन्यांत प्रथमच त्यांनी तिला बसा म्हटलं नव्हतं. तिनं दोनदा माफी मागितली, दोन्ही वेळा त्यांनी हातानंच पुरे म्हणून सांगितलं. शेवटी ती दाराशी आली. एक चप्पल पायात सरकवली, दुसरी सापडेना.

"जाई!" मागून हाक आली.

"ओ!"

ते तिच्या तोंडून निघूनही गेलं होतं. आईला द्यायची तसंच, तेवढ्याच मोठ्यानं. मधुवंतीनं दाराची चौकट धरली. डोळे भरून आले होते आणि ते लपवावेत असं तिला वाटलं नाही.

"त्या अ‍ॅबिगेलचं पूर्ण नाव हवंय मला," हॉलिस म्हणाले. "नात आली की मी तिच्याबद्दल सांगणार आहे. शोधाल?"

तिनं मान हलवली, पायातली एक चप्पल काढली आणि परत आत गेली.