आर्या म्हणजे खाली सोड

गोदीत दोन शब्द कळले की निम्मी नोकरी कळली. 'हबेस' म्हणजे उचल आणि 'आर्या' म्हणजे खाली सोड. हे शब्द कुठल्या मुलखातले ते मला विचारू नका. कुणीतरी जहाजावरून उतरवले आणि परत न्यायला विसरला.

माझ्या लेकीला तान्हेपणी उचललं की ती भोकाड पसरायची, खाली ठेवलं की गप्प. म्हणून मीच तिला आर्या म्हणू लागलो. ही पोर पुढे क्रेन चालवेल असं तेव्हा कुणी म्हणालं असतं, तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

त्या दिवशी जहाजाच्या पोटातून अख्खं रेल्वेचं इंजिन काढायचं होतं. जहाजाच्या क्रेनवर लेक. एवढं अवजड धूड तिच्या हातात पहिल्यांदाच. धक्क्यावर सिग्नल द्यायला मी. सकाळपासून तिचं डोकं खात होतो, हे बघ, ते सांभाळ. "बाबा, पुरे हो!" म्हणून ती वर चढली.

इंजिन वर आलं आणि धक्क्यावर सगळ्यांच्या माना वर गेल्या. केवढं ते लोखंड, आणि हवेत कसं अलगद! त्याच्या वजनानं जहाज आमच्याकडे कललं. लगेच पंप सुरू झाले, तळातलं पाणी पलीकडच्या टाक्यांत गेलं, आणि कडेवर घागर घेतलेली बाई सावरते तसं ते अगडबंब जहाज सावरून उभं राहिलं. जन्म गेला हे बघण्यात, तरी माझ्या अंगावर काटा येतो. आणि आज हे सगळं माझी पोर चालवत होती!

तिला केबिनमधून इंजिनाखालचं दिसत नव्हतं. तिचे डोळे म्हणजे रेडिओवरचा माझा आवाज. मी "आर्या, आर्या" म्हणत गेलो आणि इंजिन वीतवीत खाली येत गेलं. रुळांच्या पुरुषभर वर मी "बस" म्हणालो, कारण खालची एक फळी सरकली होती. तेवढ्यात आमचा ढब्बू, कामाला वाघ पण अकलेच्या नावानं शंख, फळी नीट करायला सरळ इंजिनाखाली घुसला.

"आर्या गं!" माझ्या तोंडून निघून गेलं.

जीभ चावली, पण रेडिओवर गेलेला शब्द परत येतो थोडाच. आता ढब्बूचा चेंदामेंदा होणार आणि माझी पोर ते जन्मभर उरावर घेऊन जगणार. मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर इंजिन जिथल्या तिथे. ढब्बू बाहेर येऊन मलाच विचारतो, "काय झालं, काका?" त्याला मी काय म्हणालो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

इंजिन रुळांवर टेकलं, लेक शिडी उतरून आली.

"का नाही सोडलंस? मी तर आर्या म्हणालो."

"'गं' म्हणालात ना. क्रेनला कुणी 'गं' म्हणतं का? कळलं मला, हे सिग्नलमन नाहीत, बाबा घाबरलेत. लिव्हरवरचा हात काढून घेतला."

एवढ्याशा अक्षरावर तिनं ते धूड आभाळात धरून ठेवलं होतं!

ती मुकादमाकडे वळली. "उद्यापासून मला दुसरा सिग्नलमन द्या."

मुकादम गडबडून माझ्याकडे बघायला लागला.

"बघतोस काय," मी म्हणालो. "क्रेनवाल्या बाई सांगतायत ना?" आणि रेडिओ काढून त्याच्या हातात दिला.